झोपेवरचा प्रबंध

दीपमालाचा विषय ऐकून विद्यापीठाच्या संशोधन समितीतली माणसं हसली होती. वाईट मनानं नव्हे. पाहुण्यांसमोर लहान पोरीनं भलतंच काही विचारावं आणि मोठ्यांना हसू यावं, तसं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची झोप आणि त्यांना पडणारी स्वप्नं, असा तो विषय होता. एका सदस्यांनी चष्मा काढून विचारलं, की यावर आधी कुणी काय लिहिलंय. दीपमाला म्हणाली, फारसं सापडलं नाही. मग पाया कशावर घालणार, असं म्हणून त्यांनी सांगितलं, की पुढच्या बैठकीला आधीच्या अभ्यासांचा आढावा घेऊन या, नाहीतर विषय बदला.

बाहेर आल्यावर तिचे मार्गदर्शक रामकिसन सर तिच्यासोबत फाटकापर्यंत चालत आले. माणूस मायेचा. ऊसतोड महिलांच्या आरोग्यावर भरपूर लिहिलं गेलंय, तेच घे आणि झोपेवर त्यात एक परिच्छेद टाक, असं त्यांनी समजावलं. दीपमाला हो म्हणाली. पण एसटीत बसल्यावर खिडकीबाहेरची ज्वारी-बाजरीची रानं मागं पळत राहिली आणि तिला वाटलं, आपण ज्याला हो म्हणालो ते आपलं नव्हेच.

तिचं गाव धारूरच्या अलीकडं, डोंगराच्या कडेला. आई दगडाबाई आणि वडील भारत दरसाल दिवाळीच्या सुमाराला टोळीबरोबर ऊसतोडीला जात. लहान होती तोवर दीपमालाही त्यांच्याबरोबर कोपीत राहिलेली, पुढं शाळेच्या हंगामी वसतिगृहात. कोपी म्हणजे उसाच्या पाचटाचं खोपटं. आत उभं राहिलं की डोकं छताला लागायचं. त्या कोपीतलं तिला फार काही आठवत नव्हतं. पहाटेच्या अंधारात ट्रॅक्टरचा आवाज आठवायचा, आणि पाठीवरचा मायचा हात. झोपेतही त्या हाताची बोटं मिटायची, सैल पडायची, पुन्हा मिटायची. कोयत्याची मूठ धरल्यासारखी. हे तिनं समितीला सांगितलं नव्हतं. अशा गोष्टी समितीला सांगायच्या असतात की नाही, हेच तिला माहीत नव्हतं.

भादव्यात विद्यापीठाच्या ग्रंथालयानं केजच्या एका महाविद्यालयात कार्यशाळा ठेवली. संदर्भ कसे शोधायचे, वाचलेलं कसं नोंदवायचं, मुलाखत कशी घ्यायची, असं सगळं शिकवणार होते. रामकिसन सरांनीच तिचं नाव कळवलं. दीपमाला रोज सकाळी जीपनं केजला जाऊ लागली.

वाचनकक्ष वरच्या मजल्यावर होता. खिडक्या उंच, बाहेर जुना कडुलिंब. त्याच्या पानांतून येणारा उजेड टेबलांवर हिरवट होऊन पडायचा आणि वारा आला की हलायचा. त्यामुळं पाण्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटे. शिकवायला करिष्मा मॅडम आल्या होत्या, विद्यापीठाच्या ग्रंथपाल. इतकी वर्षं ग्रंथालयात काढल्यामुळं त्यांचा आवाज कायमचाच खाली उतरलेला. ऐकायचं तर पुढं वाकावं लागे, आणि मग आपोआप सगळा कक्ष त्यांच्याकडं वाकलेला असायचा.

पहिल्याच सकाळी त्यांनी प्रत्येकाला आपला विषय एका ओळीत लिहायला लावला. मग म्हणाल्या, आता दुसऱ्यावर छाप पडावी म्हणून घातलेले शब्द खोडा. दीपमालानं लिहिलं होतं, 'ऊसतोड व्यवसायातील स्थलांतरित महिलांच्या निद्रा व स्वप्नानुभवांचा समाजशास्त्रीय अभ्यास'. खोडता खोडता शेवटी तीनच शब्द राहिले: ऊसतोड, झोप, स्वप्न. करिष्मा मॅडम टेबलाजवळून जाताना थांबल्या, तिसऱ्या शब्दाखाली हलकेच बोट ठेवलं आणि पुढं गेल्या.

दुपारी संगणकावर शोधायला बसवलं. विद्यापीठाच्या नावानं उघडणारी कितीतरी नियतकालिकं गावात बसून, मोबाइलवरसुद्धा वाचता येतात, हे तिला तोवर ठाऊकच नव्हतं. शेजारी वडवणीचा सोमेश्वर बसला होता. तो आठवडी बाजारांवर काम करत होता आणि त्याच्या पडद्यावर लेखांची रांग संपत नव्हती. दीपमालानं ऊस आणि स्वप्न शोधलं; काही आलं नाही. इंग्रजीतून साखर आणि झोप शोधलं, तर मधुमेहावरचे लेख धो धो आले. सोमेश्वरला हसू आलं. तिलाही आलं, पण आत कुठंतरी ती समितीच्या खोलीत परत जाऊन बसली.

करिष्मा मॅडमनी तिचा पडदा पाहिला. "काही मिळालं नाही हेही लिहून ठेव," त्या म्हणाल्या. "कुठं शोधलं, कोणत्या शब्दांनी शोधलं, ते सगळं. रिकामी जागा दाखवायची तर आधी तिथं जाऊन आलो हे दाखवावं लागतं. आणि आता शेजारचे शब्द घे. आपल्या घराला दार नसेल तर शेजाऱ्याच्या अंगणातून जायचं."

शेजारचे शब्द कोणते, याचा विचार करत दीपमाला बराच वेळ कडुलिंबाकडं बघत बसली. थकवा. रात्रपाळी. वीटभट्टी. मिठागर. चहाचे मळे. एकेक शब्द ती टाकत गेली, आणि दुपार कलता कलता एक लेख उघडला. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा बेटावर चहाची पानं खुडणाऱ्या बायकांशी कुणीतरी झोपेबद्दल बोललं होतं. एकीनं सांगितलं होतं, की स्वप्नातही माझी बोटं खुडत राहतात. रात्रभर खुडते आणि जाग आली की टोपली रिकामी.

दीपमालानं ते वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं. कक्षातला पंखा फिरत होता, कुणी तरी खुर्ची सरकवली, खाली रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. सगळं फार लांबून आल्यासारखं. तिला ते बेट दिसलं. धुकं, उतारावरचे हिरवे वाफे, आणि वाफ्यांच्या मधून चालणाऱ्या बायका. त्यातली एक वळली तर ती माय होती. अंगावर मळकट फुल शर्ट, डोक्याला टॉवेल, उसाच्या फडात जाताना घालते तसा. ती नुसती उभी राहिली, आणि मग पडद्यावर परत अक्षरं आली. सोमेश्वर विचारत होता, शेवटची जीप चुकवायची आहे का.

त्या संध्याकाळी तिनं मायला विचारलं. दगडाबाई अंगणात शेळ्यांना पाला टाकत होती. आपण काय शोधतोय हे दीपमालानं सांगितलं, बेटावरच्या बाईचंही सांगितलं. दगडाबाईनं ते नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ती बाई कोण जातीची. दीपमाला म्हणाली, ते लिहिलेलं नाही. मग तिनं मायला विचारलं, तुला कोपीत कसली स्वप्नं पडतात?

"सपनं कावून इचारती?" दगडाबाई म्हणाली. "कामाचं इचार, किती मोळ्या बांधल्या ते इचार. सपान सांगायचं म्हंजे उघडं बसल्यावानी वाटतं."

दीपमालानं आग्रह केला नाही. पण तिला वाईट वाटलं, आणि ते दगडाबाईला कळलं.

दुसऱ्या दिवशी मुलाखतीचा धडा होता. करिष्मा मॅडमनी सांगितलं, की समोरच्याची परवानगी नसेल तर एक अक्षरही घ्यायचं नाही. नाही म्हणण्याचा हक्क त्या माणसाचा, आणि आपल्या वहीपेक्षा तो मोठा. दीपमालानं हात वर करून विचारलं, घरचंच माणूस नाही म्हणालं तर? मॅडम म्हणाल्या, घरच्या माणसाला तर आपण कधी विचारतच नाही, म्हणून तिथं जास्त जपायचं. मग त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की शेवटच्या दिवशी ज्यांच्याशी बोलायचं आहे अशा कुणाला तरी सोबत घेऊन या. सराव इथंच करू.

हे दीपमालानं घरी सांगितलं ते केवळ सांगायचं म्हणून. भाकरी खाता खाता दगडाबाई म्हणाली, "मी येते. बोलायची न्हाई, पर येते. तू कुठं जाऊन बसती ते बघते तरी."

भारत म्हणाला, जा की. शेळ्यांकडं मी बघतो.

जीपमध्ये दगडाबाई ठेवणीतली निळी साडी नेसून बसली होती, पदर घट्ट आवळून. महाविद्यालयाच्या जिन्यावर ती भिंतीला हात लावत चढली. वाचनकक्षाच्या दाराशी तिनं चपला काढल्या. तिथल्या शिपायानं सांगितलं, काढायची गरज नाही, तरी तिनं काढल्याच. करिष्मा मॅडम पुढं आल्या तशी तिनं हात जोडून जयभीम म्हटलं. मॅडमनीही हात जोडले आणि खिडकीजवळची खुर्ची दाखवली. "मावशी, इथं बसा. वारा येतो."

दगडाबाई बसली. कपाटं बघितली, छत बघितलं, टेबलावरून तळहात फिरवून लाकूड बघितलं. सोमेश्वरनं वडवणीच्या बाजारातल्या रामेश्वर नावाच्या म्हाताऱ्या बांगडीवाल्याला आणलं होतं. त्यांचं बोलणं आधी सुरू झालं. म्हातारा सावकाश बोलायचा. कुठल्या बाजाराला कुठून माणसं येत, पाल कसं ठोकायचं, कुठल्या गावच्या बायका कोणता रंग मागत. हिरवट उजेड टेबलावर हलत होता. बांगड्यांची नावं एकामागून एक येत होती. दीपमालानं मान वळवली तर दगडाबाईची हनुवटी छातीवर टेकलेली. मग हळूच तिचं डोकं दुमडलेल्या हातांवर, टेबलावर उतरलं.

दीपमालाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मायला हलवायला उठली, तोच करिष्मा मॅडमनी तिच्या दंडाला धरलं. मान हलवून नको म्हणाल्या. मग त्यांनी सगळ्यांना खुणेनंच सांगितलं आणि मंडळी आपापल्या खुर्च्या उचलून, पाय न वाजवता, बाहेरच्या व्हरांड्यात गेली. बांगडीवाल्या म्हाताऱ्यानं जाता जाता दगडाबाईकडं पाहिलं आणि आवाज बारीक करून तो सोमेश्वरला म्हणाला, दमलेली दिसती. शिपायानं दार लोटून घेतलं.

कक्षात दोघीच उरल्या.

दीपमाला समोर बसली. मायला दिवसाउजेडी झोपलेलं तिनं कधीच पाहिलं नव्हतं. रात्री ती झोपायच्या आधी माय झोपायची नाही आणि सकाळी तिला जाग येई तेव्हा चूल पेटलेली असे. आता ती नीट बघत राहिली. कपाळावरचं हिरवं गोंदण फिकट झालं होतं. डाव्या हाताला कोयत्याचा जुना वण. तोंड थोडं उघडं, श्वास लांब, जणू दूरवरून चालत यायचा आणि थोडा थांबून परत जायचा. टेबलावरची बोटं उघडी, सैल पडलेली होती. दीपमाला त्या बोटांकडं बघत राहिली. ती मिटली नाहीत.

पानांचा उजेड मायच्या पाठीवरून सरकत कपाटांवर गेला. दीपमालाला वाटलं, हा कक्ष हळूहळू सुटतोय, नावेसारखा. केज मागं राहिलं, डोंगर मागं राहिला, आणि एवढ्या सगळ्या पुस्तकांसह आपण दोघी कुठंतरी निघालो आहोत, वल्हवायला कुणी नाही तरी. वही समोर होती. तिनं काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं ते आहे हे तिच्या मनातही आलं नाही. तिचेही डोळे मिटले, उघडले, मिटले.

दगडाबाईला जाग आली ती दचकून. तिनं पदर सावरला, इकडंतिकडं पाहिलं.

"उठिवलं का न्हाई मला? कुणी बोललं का?"

"कुणी न्हाई बोललं, माय."

"मंग समदे कुठं गेले?"

तुझी झोप मोडू नये म्हणून बाहेर बसलेत, असं दीपमालानं सांगितलं. ते दगडाबाईला लवकर पटेना. तिनं दाराकडं पाहिलं. बाहेरून दबक्या आवाजातलं बोलणं येत होतं. आपल्या झोपेसाठी एवढी शिकलेली माणसं दाराबाहेर बसलीत, हे तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरत गेलं. करिष्मा मॅडम चहाचे कप घेऊन आल्या आणि तिच्याजवळ ठेवून परत निघाल्या, तेव्हा दगडाबाईनं त्यांना थांबवलं.

"बसा बाई. लेकीला काय इचारायचं हाय ते इचारू द्या. मी सांगते."

दीपमालानं परवानगीचा कागद वाचून दाखवला: कधीही थांबता येईल, सांगायचं नसेल ते सांगू नये, नाव घालायचं की नाही ते सांगणारीनं ठरवायचं. दगडाबाई म्हणाली, नाव घाल, मी काय चोरी केली न्हाई. मग तिनं चहाचा एक घोट घेतला आणि सांगायला लागली. बोलताना ती लेकीकडं बघत नव्हती, खिडकीकडं बघत होती.

"कोपीत मला एकच सपान पडतं. उठवल्याचं. कुणी तरी म्हणतं, ऊठ. मी उठते, भाकरी थापते, फडक्यात बांधते, कोयता घेते, फडात जाते. थंडी वाजती. ऊस तोडते, मोळी बांधते, डोक्यावर घेते. लई काम होतं. आन् मंग खरंच कुणी तरी उठवतं. म्हंजे परत पयल्यापासनं. तवा लई रडू येतं बग. काम केल्याचं न्हाई, दोनदा केल्याचं."

दीपमालाचा हात लिहिता लिहिता थांबला होता. करिष्मा मॅडमनी तिच्या वहीकडं नजर टाकली, आणि ती पुन्हा लिहू लागली.

"आणि आत्ता?" दीपमालानं विचारलं. "आत्ता काही दिसलं का, माय?"

दगडाबाई हसली. आता ती अगदी वेगळीच दिसली, कुणाची तरी धाकटी बहीण असावी तशी.

"दिसलं. पर ते पुस्तकाला सांगायचं न्हाई. तुला सांगन, वाटंनं."

संध्याकाळी जीप त्यांना फाट्यावर सोडून गेली. फाट्यापासून गावापर्यंतची वाट सीताफळीच्या झुडपांतून जाते. फळांचे डोळे उघडायला लागले होते, उन्हाचा रंग मऊ झाला होता. पुढं चालता चालता दगडाबाईनं स्वप्न सांगितलं. धारूरच्या किल्ल्यात जसं पाण्याचं टाकं आहे तसं एक टाकं होतं, पण कोरडं ठणठणीत. त्यात तिची मेलेली सासू आणि आणखी कितीक बाया उतरून वाकळा, जाड गोधड्या, धूत होत्या. पाण्याचा थेंब नाही, तरी वाकळा ओल्या निघत होत्या, पाणी निथळत होतं. सासूनं एक वाकळ हिच्या खांद्यावर टाकली. ओली वाकळ किती जड असते. पण हिला वजनच लागेना. ती घेऊन ही पायऱ्या चढायला लागली, तर वर कुणी हाक मारत नव्हतं, कुणी घाईही करत नव्हतं.

"मंग?" दीपमालानं विचारलं.

"मंग काय. चढत होते. बरं वाटत होतं."

तिनं हे सांगितलं तेव्हा दोघी चालायच्या थांबल्या होत्या. मग पुन्हा निघाल्या. प्रबंधात ते स्वप्न कुठंही आलं नाही.

बैठक झाली ती दसऱ्याच्या आधी. या खेपेला दीपमाला कागद नीट लावून गेली होती. कुठं कुठं शोधलं, कोणत्या शब्दांनी शोधलं, काय मिळालं नाही, हे तिनं आधी मांडलं. मग शेजारचे अभ्यास: चहाचे मळे, मिठागरं, रात्रपाळीच्या गिरण्या. आणि शेवटी एका बाईची मुलाखत, तिच्या नावानिशी, तिच्या संमतीनं. चष्मेवाल्या सदस्यांनी ते पान वाचलं. दोनदा काम केल्याचं रडू, या ओळीशी ते रेंगाळले असावेत, कारण पान उलटायला त्यांना उशीर लागला. एका बाईच्या सांगण्यावर काय सिद्ध होतं, असं मात्र त्यांनी विचारलंच. दीपमाला म्हणाली, सिद्ध काहीच होत नाही, सर. कुठून सुरुवात करायची ते कळतं. या हंगामात मी टोळीबरोबर जाऊन कोपीत राहणार आहे. बराच खल झाला. झोप हा मुख्य विषय ठेवा, स्वप्नांचं एक प्रकरण करा, असं ठरवून त्यांनी मान्यता दिली. बाहेर आल्यावर रामकिसन सर म्हणाले, मी तुला भलताच रस्ता सांगितला होता. ती म्हणाली, तुम्हीच तर केजला पाठवलंत.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. दगडाबाईची लेक सपनं लिहून घेते, असं बायका विहिरीवर बोलायच्या. काहींना हसू यायचं. काही जणी वाटेत दीपमालाला गाठून हळूच विचारायच्या, खरंच लिहिती का गं, आन् कशापायी? ती समजावून सांगायची. मग एका संध्याकाळी शेजारची छबुबाई येऊन ओट्यावर बसली. दोन हंगामांपूर्वी तिचा नवरा धुळाजी वारला होता. पदरात बांधून आणलेल्या शेंगा तिनं दीपमालापुढं ठेवल्या आणि म्हणाली, मला तर काय पडत न्हाई बाई, पडले की मेल्यावानी झोपते. पर आमच्या मालकांना पडायचं. रोज सकाळी फडाकडं जाताना मला सांगायचे. ते चालंल का?

ऐकलेलं स्वप्न, तेही गेलेल्या माणसाचं. त्याची परवानगी कुणाची घ्यायची, आणि नोंद कुणाच्या नावावर करायची? छबुबाईला थांबायला सांगून तिनं करिष्मा मॅडमना फोन लावला. मॅडमनी सगळं ऐकलं.

"सांगणारी छबुबाई, म्हणून परवानगी तिची घे," त्या म्हणाल्या. "ज्याचं होतं त्याचंही नाव लिही. आणि दोघांच्या मधे लिही, चालता चालता ऐकलेलं. आमच्या पुस्तकात याला नियम नाही, पण मला वाटतं असंच लिहावं."

दीपमाला वही घेऊन ओट्यावर आली. उन्हं उतरली होती, शेळ्या घरी आल्या होत्या. दगडाबाईही दारात येऊन टेकली. छबुबाईनं एक शेंग फोडली, दाणे तळहातावर घेतले आणि म्हणाली, मालकांना घोडा दिसायचा, पांढरा. रानात एकलाच चरत असायचा.